मेहताब : सिद्दी घराण्यातील अभिनेत्री आणि पडद्यावरील झाशीची राणी

झाशीच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडून शहरात शिरणारा प्रवासी सहसा इलाइट चौराहा ओलांडूनच पुढे किल्ल्याकडे जातो. बस, टमटम, दुकाने आणि जाहिरातफलक यांनी गजबजलेल्या या चौकात राणी लक्ष्मीबाई कोण, हे कोणाला सांगावे लागत नाही. खुद्द रेल्वे स्थानकालाही २०२१ च्या अखेरीस 'वीरांगना लक्ष्मीबाई' हे नाव देण्यात आले. इलाइट हे नाव मात्र संस्थानी काळातील नाही. एकेकाळी देशातील निरनिराळ्या शहरांतील चित्रपटगृहे ते मिरवीत असत. चित्रपटगृहांच्या त्या जमान्यात झाशीच्या राणीला प्रथमच रंगीत पडद्यावर आणणाऱ्या अभिनेत्रीचे नाव मेहताब. ते आज जाणकारांपुरतेच उरले आहे. ही अभिनेत्री आफ्रिकी वंशाच्या सिद्दी राजघराण्यातून आली होती, ही गोष्ट तर जाणकारांनाही क्वचितच आठवते.

सोहराब मोदी यांचा 'झाँसी की रानी' हा चित्रपट जानेवारी १९५३ मध्ये प्रदर्शित झाला. टेक्निकलर पद्धतीने चित्रित झालेला तो पहिला भारतीय चित्रपट होय. राणीच्या भूमिकेत होत्या मेहताब, म्हणजेच सोहराब मोदी यांच्या पत्नी. त्यांचे मूळ नाव नजमा. त्यांचा जन्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, २८ एप्रिल रोजी, सुरतेजवळच्या सचीन या छोट्या संस्थानात झाला. सचीनचे नवाब सिद्दी इब्राहिम मोहम्मद याकूत खान तिसरे हे त्यांचे वडील, असे त्यांच्या चरित्रात नोंदविलेले आहे.

जंजिरा ते सचीन

सचीन हे नाव मराठी वाचकास अपरिचित वाटले, तरी त्याची मुळे रायगड जिल्ह्यात मुरूडसमोरच्या समुद्रात आहेत. पूर्व आफ्रिकेतून, विशेषतः हबसाणातून, शतकानुशतके गुलाम, सैनिक आणि खलाशी म्हणून लोक भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येत राहिले. त्यांना हबशी किंवा सिद्दी म्हणत. दख्खनच्या सुलतानांच्या पदरी त्यांच्यातील अनेक जण मोठ्या अधिकारास चढले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हे त्यातील सर्वांत ठळक नाव. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुरुष १६२६ मध्ये मरण पावला, तेव्हा मोगलांना दक्षिणेत रोखून धरणारा सेनानी म्हणून त्याची ख्याती झाली होती.

जंजिऱ्याचे सिद्दी याच परंपरेतले. त्यांचा जलदुर्ग शिवछत्रपतींना घेता आला नाही. संभाजीराजांनी १६८२ मध्ये किल्ल्याला वेढा घालून खाडीत दगडांचा भराव टाकण्याचा प्रयत्न केला, तोही तडीस गेला नाही. थोरल्या बाजीरावांच्या काळात सिद्दींचा बराच मुलूख मराठ्यांच्या हाती आला. चिमाजीअप्पांनी १७३६ मध्ये सिद्दी सात यास रणांगणावर ठार केले. जंजिरा मात्र १९४८ पर्यंत सिद्दींच्याच ताब्यात राहिला.

सचीन संस्थान जन्मास आले ते एका विलक्षण व्यवहारातून. जंजिऱ्याच्या गादीचा वारस बालू मियाँ याला घरच्याच कलहात बाजूला सारण्यात आले. त्याने १७९१ साली पेशव्यांशी तह केला. त्यानुसार जंजिऱ्यावरील आपला हक्क त्याने पेशव्यांना लिहून दिला आणि मोबदल्यात पेशव्यांनी त्याला सुरतेजवळचा मुलूख दिला. बालू मियाँला राज्य मिळाले. पेशव्यांना मिळाला तो केवळ कागद, कारण प्रत्यक्षात किल्ला त्यांच्या हाती कधीच आला नाही. नाना फडणिसांच्या काळातील हा सौदा इतका एकतर्फी ठरावा, याचे आजही नवल वाटते.

अशा प्रकारे मराठ्यांनीच तोडून दिलेल्या मुलखावर उभ्या राहिलेल्या सिद्दी घराण्यातील कन्येने पुढे मराठी राणीची भूमिका केली. झाशीचे नेवाळकरही मूळचे कोकणातले, रत्नागिरीकडचे. दोन्ही घराणी एकाच किनारपट्टीवरून निघून दूरदेशी राज्यकर्ती झाली होती.

मूकपटांचा काळ

मेहताब चित्रपटांत आल्या त्या १९२० च्या दशकाच्या अखेरीस. त्या वेळच्या परिस्थितीची कल्पना असल्याशिवाय त्यांच्या पदार्पणाचे महत्त्व ध्यानात येणार नाही. दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी १९१३ मध्ये तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळाली नाही आणि अण्णा साळुंके यांना लुगडे नेसावे लागले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत पडद्यावर आलेल्या नायिका बहुतांशी अशा समाजांतून आल्या, ज्यांच्यावर उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांचे निर्बंध नव्हते. सुलोचना या नावाने गाजलेल्या रूबी मायर्स बगदादी ज्यू होत्या, तर सीता देवी या नावामागे रेनी स्मिथ ही अँग्लो-इंडियन युवती होती.

या यादीत सचीनचे स्थान स्वतंत्रपणे सांगण्यासारखे आहे. 'बुलबुल-ए-परिस्तान' (१९२६) या चित्रपटामुळे भारतातील पहिल्या स्त्री-दिग्दर्शक मानल्या जाणाऱ्या फातमा बेगम यांचे नावही सचीनच्या याच नवाबांशी जोडले जाते. मात्र त्यांचा रीतसर विवाह झाल्याची किंवा नवाबांनी त्यांच्या मुलींना आपल्या कन्या म्हणून मान्यता दिल्याची नोंद नाही. या मुलींपैकी जुबेदा ही १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची नायिका. म्हणजे पहिली स्त्री-दिग्दर्शक, पहिल्या बोलपटाची नायिका आणि पहिल्या टेक्निकलर चित्रपटाची नायिका या तिघींची नावे सुरतेजवळच्या एका लहानशा सिद्दी संस्थानाशी निगडित आहेत. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात ही बाब आजवर तळटिपेच्या वर फारशी आलेली नाही.

मेहताब यांची पहिली दहा वर्षे साध्या भूमिकांत गेली. आरंभी किरकोळ कामे, नंतर पोशाखी चित्रपट आणि मारधाडीचे स्टंटपट, असा तो प्रवास होता. या चित्रपटांना शहरातील सुशिक्षित वर्गात प्रतिष्ठा नव्हती, पण कामगार वस्त्यांतील प्रेक्षक त्यांना गर्दी करीत. याच काळात नट-गायक अशरफ खान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक पुत्र झाला. परंतु हा विवाह टिकला नाही.

'चित्रलेखा'चे यश

त्यांच्या कारकिर्दीस खरी कलाटणी मिळाली ती कोलकात्यात. केदार शर्मा यांनी १९४१ मध्ये 'चित्रलेखा' दिग्दर्शित केला आणि नामभूमिका मेहताब यांना दिली. भगवतीचरण वर्मा यांच्या १९३४ मधील हिंदी कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात मौर्यकालीन पाटलिपुत्रातील नर्तकी चित्रलेखा, तिच्यावर अनुरक्त झालेला सामंत बीजगुप्त आणि योगी कुमारगिरी यांच्या कथेतून पाप म्हणजे काय, हा प्रश्न मांडलेला आहे. संगीत उस्ताद झंडे खाँ यांचे होते. पुढे नामवंत झालेले भारत भूषण याच चित्रपटातून पडद्यावर आले.

चित्रपटातील मेहताब यांच्या स्नानदृश्याची त्या काळी बरीच चर्चा झाली. चर्चेचा रोख दृश्यावर राहिला, त्यामुळे भूमिकेची अवघडता काहीशी झाकोळली. चित्रलेखा ही केवळ मोहिनी नाही. ती वाद घालणारी, योग्यालाही निरुत्तर करणारी बुद्धिमान स्त्री आहे. स्टंटपटांत दहा वर्षे काढलेल्या अभिनेत्रीने ती पेलली, हे विशेष. केदार शर्मा यांनी हेच कथानक १९६४ मध्ये मीनाकुमारी यांना घेऊन पुन्हा रंगीत केले. त्या आवृत्तीची गाणी आजही ऐकली जातात. पण व्यावसायिक यश पहिलीच्याच वाट्याला आले होते.

यानंतर मेहताब मुंबईच्या चित्रपटसृष्टीत प्रथम श्रेणीच्या नायिकांत गणल्या जाऊ लागल्या. ए. आर. कारदार यांच्या 'शारदा' (१९४२) या चित्रपटात त्या नायिका होत्या. संगीतकार नौशाद यांनी त्यांच्यासाठी पार्श्वगायनास बोलावले ते जेमतेम तेरा वर्षांच्या सुरैया यांना. एवढ्याशा मुलीचा आवाज आपल्याला शोभेल का, अशी शंका मेहताब यांना आली होती, असे सांगितले जाते. गाणे गाजले आणि शंका मिटली. त्याच सुरैया बारा वर्षांनी सोहराब मोदी यांच्या 'मिर्झा गालिब'च्या नायिका झाल्या.

सोहराब मोदी आणि मिनर्व्हा

सोहराब मोदी हे पारशी रंगभूमीवर घडलेले नट. त्यांनी १९३६ मध्ये मिनर्व्हा मूव्हीटोन ही संस्था काढली आणि 'पुकार' (१९३९), 'सिकंदर' (१९४१), 'पृथ्वीवल्लभ' (१९४३) या भव्य ऐतिहासिक चित्रपटांनी नाव मिळविले. पल्लेदार संवाद आणि मोठाले देखावे ही त्यांची ओळख होती. त्यांच्या 'परख' (१९४४) या चित्रपटात मेहताब प्रथम त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. त्यानंतर 'एक दिन का सुलतान' (१९४५) आला. दोघांचा विवाह २८ एप्रिल १९४६ रोजी, म्हणजे मेहताब यांच्या वाढदिवशी झाला. मोदी पारशी, मेहताब मुसलमान आणि घटस्फोटित, वयातही मोठे अंतर. घरच्यांचा विरोध होणे त्या काळी अपेक्षितच होते, आणि तो झालाही.

विवाहानंतर त्यांनी चित्रपट हळूहळू कमी केले. सात वर्षांनी त्या पुन्हा पडद्यावर आल्या, तेव्हा मिनर्व्हाचे सर्वस्व पणाला लागले होते.

'झाँसी की रानी'

मोदी यांनी या चित्रपटासाठी काहीही कमी पडू दिले नाही. 'गॉन विथ द विंड'च्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळविलेले अर्नेस्ट हॅलर यांना हॉलिवूडहून बोलावण्यात आले. संकलन रसेल लॉइड यांचे होते. हिंदीबरोबरच इंग्रजी आवृत्तीही तयार झाली. ती पुढे 'द टायगर अँड द फ्लेम' या नावाने १९५६ मध्ये परदेशात दाखविण्यात आली. संवाद पंडित सुदर्शन यांचे, गीते राधेश्याम कथावाचक यांची आणि संगीत वसंत देसाई यांचे. सिंधुदुर्गातून आलेल्या आणि शांतारामबापूंच्या तालमीत वाढलेल्या या संगीतकारामुळे चित्रपटास मराठी हातही लागला. गंगाधररावांची भूमिका मुबारक यांनी, तोफची गुलाम घौस खानाची उल्हास यांनी, तर राजगुरूची स्वतः मोदी यांनी केली. बालपणीच्या मनूचे काम बेबी शिखा यांचे होते.

कथानक इतिहासाच्या ठळक टप्प्यांवरून जाते : मनूचे बालपण, १८४२ मधील विवाह, १८५३ मध्ये गंगाधररावांचा मृत्यू, दत्तकविधान नामंजूर करून डलहौसीने संस्थान खालसा करणे, सर ह्यू रोजचा १८५८ मधील वेढा आणि त्याच वर्षी जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ राणीचे रणांगणावरील मरण. विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' वाचलेल्या मराठी माणसास मात्र या चित्रपटात काही उणे वाटेल. रायगड जिल्ह्यातील वरसई गावचा हा भिक्षुक वेढ्याच्या वेळी झाशीतच होता. त्याने पाहिलेली झाशी माणसांची आहे : नाटकशाळेचे वेड असलेला राजा, पूजाअर्चा, दक्षिणेची वाट पाहणारे ब्राह्मण, नंतर जळणारे वाडे आणि पाण्यावाचून तडफडणारे लोक. मोदी यांची झाशी दरबाराची आणि तोफांची आहे. तिथे राणी सतत सिंहासनावर किंवा घोड्यावर आहे.

चित्रपट पडला. खर्च इतका झाला होता की, मिनर्व्हाला तो धक्का फार काळ पुरला. अपयशाचे कारण म्हणून सर्वाधिक बोट दाखविले गेले ते मेहताब यांच्या वयाकडे. राणी लक्ष्मीबाई मरण पावल्या तेव्हा त्यांनी तिशी ओलांडलेली नव्हती. मेहताब चित्रीकरणाच्या वेळी तिशीच्या उत्तरार्धाकडे झुकलेल्या किंवा त्यापलीकडे गेलेल्या होत्या. कॅमेऱ्याने ते लपविले नाही, हे खरे आहे. परंतु सर्व दोष एका अभिनेत्रीच्या माथी मारणे न्याय्य वाटत नाही. दीर्घ, भाषणवजा संवाद, पारशी रंगभूमीचा ठसा आणि परदेशी तंत्रज्ञांमुळे फुगलेला खर्च यांची जबाबदारी दिग्दर्शक-निर्मात्याचीच होती. नायकांच्या बाबतीत वयाचा असा हिशेब क्वचितच मांडला गेला. 'पुकार' आणि 'सिकंदर' करतेवेळी मोदी स्वतः चाळिशीत होते; त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

दुर्दैव पुढेही संपले नाही. ज्या रंगांसाठी एवढा खटाटोप झाला, ते रंग प्रेक्षकांच्या वाट्याला फार काळ राहिले नाहीत. पुढील पिढ्यांना हा हिंदी चित्रपट बहुतेक वेळा कृष्णधवल प्रतींतूनच पाहावा लागला. देशातील पहिल्या टेक्निकलर चित्रपटाची ही अवस्था आपल्या चित्रसंग्रहाच्या कारभाराविषयी पुरेसे सांगून जाते.

वंशाचा उल्लेख : फ्रान्स आणि भारत

मेहताब यांच्या समकालीन असलेल्या एका फ्रेंच अभिनेत्रीची येथे आठवण होते. जोसेफिन बेकर यांचा जन्म १९०६ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे झाला. १९२५ मध्ये त्या पॅरिसला आल्या आणि १९३७ मध्ये फ्रान्सच्या नागरिक झाल्या. मेहताब मूकपटांत आल्या त्याच सुमारास, १९२७ मध्ये, बेकर यांनीही 'ला सिरेन दे ट्रोपिक' या मूकपटात काम केले. पाठोपाठ 'झूझू' (१९३४) आणि 'प्रिन्सेस ताम ताम' (१९३५) हे बोलपट आले. बेकर यांचा आफ्रिकी वंश हाच त्यांच्या प्रत्येक भूमिकेचा आधार होता. त्या वसाहतीतील मुलगी असत, नाचत, हसवीत. पण गोऱ्या नायकाशी त्यांचे लग्न होत नसे. 'प्रिन्सेस ताम ताम'मध्ये तर ट्युनिशियातील एका गरीब मुलीला राजकन्या म्हणून पॅरिसच्या उच्चभ्रूंत मिरविले जाते. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच प्रतिकार चळवळीत केलेल्या कार्यासह त्यांच्या एकूण जीवनाचा गौरव म्हणून ३० नोव्हेंबर २०२१ रोजी त्यांना पॅरिसच्या पाँतेओंमध्ये स्थान देण्यात आले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. मात्र फ्रेंच चित्रपटातील प्रश्न संपला असे नाही. सेनेगलमध्ये जन्मलेल्या एसा मायगा यांच्यासह सोळा अभिनेत्रींनी २०१८ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. काळी असणे हा आपला पेशा नव्हे, असे त्याचे शीर्षकच होते.

मुंबईत घडले ते नेमके उलट. मेहताब खऱ्याखुऱ्या राजघराण्याच्या कन्या होत्या, पण त्यांच्या सिद्दी असण्याचा उल्लेख ना जाहिरातीत आला, ना भूमिकेत. अनेक पिढ्यांच्या विवाहसंबंधांमुळे नवाबांच्या घरात आफ्रिकी चेहरेपट्टी ठळक राहिलेली नव्हती. 'नवाबजादी' या शब्दात वंश विरघळून गेला. त्यामुळे त्यांना मौर्यकालीन नर्तकी होता आले, मराठी राणी होता आले. बेकर यांना पॅरिसमध्ये असे स्वातंत्र्य कधीच लाभले नाही. परंतु हे स्वातंत्र्य राजवाड्याच्या दारापर्यंतचेच होते. गुजरातमधील किंवा उत्तर कन्नडच्या यल्लापूर, हल्याळ भागातील जंगलालगत राहणाऱ्या गरीब सिद्दींना चित्रपटाने नायिका म्हणून कधी विचारले नाही.

याचा दाखला १९८३ मध्ये मिळाला. कमाल अमरोही यांच्या 'रझिया सुलतान'मध्ये सुलतानाचा प्रियकर याकूत हा हबशी आहे. भूमिका धर्मेंद्र यांना देण्यात आली आणि त्यांच्या चेहऱ्याला काळा रंग फासण्यात आला. याकूत ही सचीनच्या नवाबांची पिढीजात उपाधी होती, याचे भान त्या वेळी कोणास असल्याचे दिसत नाही. अलीकडे प्रशांत सिद्दी आणि गिरिजा सिद्दी हे कलावंत कन्नड रंगभूमीवरून आणि पडद्यावरून स्वतःच्या आडनावाने आणि चेहऱ्याने वावरू लागले आहेत.

राणीची भूमिका नंतरही अनेकींनी केली. २०१९ या एकाच वर्षात कंगना राणावत यांचा 'मणिकर्णिका' आणि अमेरिकेत वाढलेल्या देविका भिसे यांचा इंग्रजी चित्रपट असे दोन चित्रपट आले. देविका यांच्या चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांच्या आई स्वाती भिसे यांनी केले होते.

'झाँसी की रानी'नंतर मेहताब नायिका म्हणून पुन्हा पडद्यावर आल्या नाहीत. मोदी यांनी मात्र पुढच्याच वर्षी 'मिर्झा गालिब' काढला. त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यांना १९७९ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही देण्यात आला. २८ जानेवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. मेहताब त्यानंतर तेरा वर्षे हयात होत्या. एप्रिल १९९७ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.